घरातला शिलाई आणि विणकाम यंत्रांचा संग्रह : जुनी मशीन ओळखावी कशी, जपावी कशी?

शिलाई मशीन घेतले की एक-दोन पिढ्या ते घरातच राहते. मुलीच्या लग्नात आलेले, हप्त्याने घेतलेले, सासूकडून सुनेकडे गेलेले मशीन पुढे पोटमाळ्यावर किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत जाते आणि एक दिवस भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. बिडाचे स्टँड आणि लोखंडी डोके किलोच्या भावाने विकले जाते. अशी यंत्रे घरात जमवून, दुरुस्त करून, त्यांच्या नोंदी ठेवणे हा जगभर रुजलेला छंद आहे. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. लागतात त्या दोन गोष्टी : यंत्राची ओळख आणि ते ठेवायला कोरडी जागा.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून या छंदाची माहिती येथे दिली आहे.

संग्रहात काय काय येते?

अशा संग्रहात साधारण चार प्रकारची यंत्रे असतात.

१) हातमशीन : उजव्या हाताने दांडा फिरवून चालवायचे, लाकडी पेटीत बसणारे मशीन.
२) पायमशीन : बिडाचे स्टँड, पायाखालची जाळीदार पायटी, मोठे चाक आणि चामडी पट्टा असलेले मशीन.
३) विजेचे मशीन : मोटार जोडलेले जुने मशीन, त्याचबरोबर आजची झिगझॅग, पिको, ओव्हरलॉक आणि संगणकीकृत यंत्रे.
४) विणकाम यंत्र : लोकर किंवा सुताच्या धाग्यापासून स्वेटर, मफलर, टोपी यांचे कापड विणणारे घरगुती यंत्र.

यांच्या जोडीला बॉबिन, शटल, वेगवेगळे 'पाय', तेलाच्या कुप्या, माहितीपुस्तिका, हप्त्याच्या पावत्या, जुन्या जाहिराती, कात्र्या आणि मापाच्या टेप या वस्तूही जमवल्या जातात. पावती आणि माहितीपुस्तिका सहज फाटतात, हरवतात. त्यामुळे पुष्कळदा मशीनपेक्षा हे कागदच दुर्मीळ ठरतात.

शिरूर-दौंड भागाचा संबंध काय?

दौंड हे रेल्वेचे जुने जंक्शन आहे. पुणे-सोलापूर मार्गावरील या गावातून १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाला. रेल्वेची वसाहत आणि पुढे आलेले राज्य राखीव पोलीस दलाचे तळ यांमुळे गावात गणवेश शिवणाऱ्यांना कायम काम राहिले. शिरूरचे जुने नाव घोडनदी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा तळ होता आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणेही होते. आज शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, तर दौंडला लागून असलेल्या बारामतीत वस्त्रोद्योगाचे पार्क आहे. तेथे ओळीने मांडलेल्या वेगवान यंत्रांवर कपडे शिवले जातात.

या भागातले सर्वांत महत्त्वाचे नाव मात्र केडगावचे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात हलवले. त्यानंतर दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्ती मिशन उभारले. १८९६-९७ च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली तेथे आल्या. १९०० च्या सुमारास ही संख्या पंधराशेच्या आसपास होती. लिहिणे-वाचणे शिकवण्याबरोबरच शिवण, विणकाम आणि छपाई अशी कामे तेथे शिकवली जात. नवरा नाही, माहेर नाही, जमीन नाही अशा बाईने स्वतःच्या हातांनी पोट भरावे, हा त्यामागचा विचार होता. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदननेही शिवणवर्गांना महत्त्व दिले.

म्हणून या भागातले जुने शिलाई मशीन म्हणजे बाईच्या कमाईचा पुरावा असू शकतो. शेतीचा सातबारा बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असे. मशीन मात्र 'तिचे' म्हणून ओळखले जाई.

मशीन टीप कशी घालते?

संग्राहकाला यंत्राचा प्रकार ओळखायचा तर टीप कशी पडते हे आधी कळले पाहिजे.

हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा कापडाच्या आरपार जातो. मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात. वरचा दोरा सुईच्या टोकाजवळच्या भोकातून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई खाली जाऊन किंचित वर येताना वरच्या दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटल किंवा हुक तो फास पकडते आणि खालच्या दोऱ्याभोवती फिरवते. दोन्ही दोऱ्यांचा पीळ कापडाच्या मध्यभागी बसतो. यालाच लॉकस्टिच म्हणतात. दोरा एका ठिकाणी तुटला तरी ही टीप भराभर उसवत नाही.

काही जुन्या आणि खेळण्यातल्या यंत्रांना बॉबिनच नसते. ती एकाच दोऱ्याने साखळी टाका घालतात. त्याचे शेवटचे टोक ओढले की सगळी शिवण सुटत जाते. धान्याच्या पोत्याचे तोंड याच कारणाने एका झटक्यात उघडता येते.

कापड पुढे सरकवण्याचे काम सुईखालचे दाते करतात. दाते वर येतात, कापड मागे ढकलतात, खाली बसतात आणि पुन्हा पुढे येतात. ही चार हालचालींची रचना अमेरिकेतील अॅलन विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट केली. आजच्या घरगुती मशीनमध्येही हेच तत्त्व चालते.

यंत्राचा थोडक्यात इतिहास

फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याला १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. आपले पोट जाईल या भीतीने इतर शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत इलियस होव यांनी १८४६ मध्ये लॉकस्टिच यंत्राचे पेटंट घेतले. आयझॅक सिंगर यांचे पेटंट १८५१ चे. पेटंटवरून कोर्टकज्जे इतके वाढले की १८५६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र केली. त्याच सुमारास सिंगर कंपनीने हप्त्याने मशीन विकायला सुरुवात केली. एकरकमी पैसे नसलेल्या घरातही मशीन शिरले ते या हप्त्यामुळे.

हिंदुस्थानात सिंगरची विक्री एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पसरली. तिचा येथील कारभार दीर्घकाळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. येथे गिऱ्हाईक दोन प्रकारचे होते. बाजारपेठेत बसणारा शिंपी कमाईसाठी मशीन घेई आणि शहरातली सुखवस्तू कुटुंबे घरच्या कपड्यांसाठी. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त छापलेल्या एका संवादात सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. माणसाचे कष्ट वाचवणारे आणि त्याला बेकार न करणारे यंत्र त्यांना मान्य होते.

१९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' मशीन बाजारात आणले. स्वातंत्र्यानंतर उषा हे नाव घराघरांत पोहोचले. पंजाबातील लुधियाना हे शिलाई मशीन आणि त्यांचे सुटे भाग बनवण्याचे मोठे केंद्र झाले. ग्रामीण महाराष्ट्रातील घरांत आज जी काळी पायमशीन सापडतात, त्यांत सिंगरबरोबर उषा, मेरिट, रीटा आणि लुधियानात जोडलेली इतर अनेक नावे दिसतात.

जुने मशीन ओळखायचे कसे?

*शटल पाहा.* सुईजवळची सरकती पट्टी उघडली की खालचा भाग दिसतो. लांबट, होडीसारखे किंवा गोळीसारखे शटल पुढे-मागे झुलत असेल तर रचना जुनी आहे. गोल बॉबिन आणि तिची गोल पेटी असेल तर रचना नंतरची. सिंगरचे २७ आणि २८ नंबरचे मॉडेल लांबट शटलचे, तर १५ नंबरचे मॉडेल गोल बॉबिनचे.

*१५ नंबर का महत्त्वाचा?* सिंगरच्या १५ क्लासची नक्कल जगभर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी हीच रचना प्रमाण मानली आणि भारतातली काळी घरगुती मशीनही बहुतांशी याच घराण्यातली आहेत. त्यामुळे या प्रकाराच्या बॉबिन, पेट्या, सुया आणि स्प्रिंगा आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. नवख्या संग्राहकाने सुरुवात यापासूनच करावी.

*क्रमांक वाचा.* सिंगरच्या डोक्यावर पितळी पट्टीजवळ किंवा तळाच्या पाट्यावर क्रमांक ठोकलेला असतो. १९०० पूर्वीच्या क्रमांकात नुसते आकडे असतात, त्यानंतर आकड्यांआधी इंग्रजी अक्षर येते. जे, पी, एस, व्ही, आर, एम, एफ, वाय ही अक्षरे स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याची. १९३५ पासून तेथे ईए, ईबी अशी जोडअक्षरे आली. जी हे अक्षर अमेरिकेतील एलिझाबेथ येथील कारखान्याचे. मॉडेलच्या नावातला 'के' (उदा. १५के, २०१के) हा क्लाइडबँकमधील किल्बोवी या ठिकाणाचा. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

*उलट टीप आहे का?* टीप मागे नेण्याचा खटका नसेल तर मशीन बहुधा जुन्या रचनेचे आहे. मात्र यावरून वर्ष ठरत नाही, कारण साधी रचना पुढेही बनत राहिली.

*स्टँड आणि डोके वेगळे असू शकतात.* स्टँडच्या जाळीत सिंगरचे नाव आणि वर डोके उषाचे, अशी जोडी पुष्कळदा आढळते. गावातला मेकॅनिक जे हाताशी येई ते जोडून देई. अशी जोडी टाकाऊ नसते. तिच्या दुरुस्तीचा इतिहास त्यात दिसतो, फक्त नोंद करताना दोन्ही भाग वेगळे लिहावेत.

*सोनेरी नक्षी तपासा.* खरी जुनी नक्षी हाताच्या आणि कापडाच्या घासण्याने ठरावीक जागी झिजते, म्हणजे सुईच्या पुढच्या पाट्यावर आणि चाकाजवळ. सगळीकडे सारखी चमकणारी नक्षी असेल तर मशीन पुन्हा रंगवलेले असण्याची शक्यता जास्त.

विणकाम यंत्रे : वेगळी जात

शिलाई मशीन तयार कापड जोडते, विणकाम यंत्र धाग्यापासून कापड तयार करते. त्यात एका लांब पाटावर ओळीने शेकडो सुया बसवलेल्या असतात. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि त्यावर उघडझाप करणारी छोटी जीभ असते. हाताने सरकवायची पेटी, म्हणजे कॅरेज, एका टोकाकडून दुसरीकडे नेली की सुया क्रमाने पुढे येतात, धागा पकडतात आणि आधीच्या टाक्यातून ओढून घेतात. एका सरकवण्यात एक ओळ पूर्ण होते.

या यंत्राचे मूळ शिलाई मशीनपेक्षा बरेच जुने आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणण्याची चौकट तयार केली. जीभवाली सुई मॅथ्यू टाउनसेंड यांची, १८४० च्या दशकाअखेरची. सपाट पाटाच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील आयझॅक लँब यांनी १८६३ मध्ये घेतले.

घरगुती संग्रहात दोन घराणी दिसतात. पहिले लुधियानाच्या होजिअरी व्यवसायातले जड, लोखंडी, उलट्या 'व्ही'सारख्या दोन पाटांचे हातयंत्र. दुसरे ब्रदर, सिल्व्हर रीड, टोयोटा या जपानी नावांचे हलके यंत्र. जपानी यंत्राच्या नेहमीच्या प्रकारात २०० सुया असतात आणि दोन सुयांमध्ये ४.५ मिलिमीटर अंतर असते. जाड लोकरीसाठीच्या प्रकारात हे अंतर ९ मिलिमीटर असते. पंचकार्डाच्या यंत्रात भोके पाडलेल्या पट्टीवरून नक्षी उतरते आणि ती २४ टाक्यांनंतर पुन्हा सुरू होते. ब्रदरने १९९० च्या दशकात घरगुती विणकाम यंत्रे बनवणे थांबवले. त्यामुळे त्यांचे सुटे भाग जपून ठेवावे लागतात.

आधुनिक यंत्रे संग्रहात कशाला?

आजचे मशीन उद्या जुने होणार आहे. पिको-फॉलचे मशीन, शिंप्यांचे 'अंब्रेला' मशीन, ओव्हरलॉक, 'जुकी' या नावाने सरसकट ओळखले जाणारे कारखान्यातले वेगवान मशीन आणि खटक्यावर शंभर टाके बदलणारे संगणकीकृत मशीन यांच्यामुळे गावातल्या शिवणकामाचे स्वरूप बदलले. झबली-टोपडी, परकर-पोलके आणि शाळेचा गणवेश घरी शिवणे कमी झाले. त्याऐवजी ब्लाउजचे डिझाइन, साडीचा फॉल आणि शिवलेली नऊवारी ही कामे वाढली. दोन्ही काळांची यंत्रे शेजारी ठेवली तरच हा बदल समजतो.

आधुनिक यंत्राचा धोका वेगळा आहे. त्यात प्लास्टिकचे दाते आणि इलेक्ट्रॉनिक पाट्या असतात. ग्रामीण भागात विजेचा दाब खाली-वर होतो, तेव्हा संगणकीकृत मशीनला स्टॅबिलायझर लावणे आणि काम संपल्यावर प्लग काढणे गरजेचे असते. पायमशीनला ही चिंता नाही. लाइट गेली तरी ते चालते. अनेक घरांत नवे मशीन आल्यावरही जुने ठेवले जाते ते याच कारणाने.

यंत्रे कुठे मिळतात?

पहिली जागा नात्यागोत्यातली घरे. दुसरी जागा तालुक्याच्या गावातले शिलाई मशीन दुरुस्ती करणारे कारागीर. त्यांच्याकडे अर्धवट खोललेली डोकी, सुट्या बॉबिन आणि मॉडेलची जिवंत माहिती असते. तिसरी जागा भंगारचे दुकान. चौथी पुण्यातला, रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता आणि पुणे-सोलापूर महामार्ग यांवरची गावे फिरून संग्राहक या चारही जागा धुंडाळू शकतो.

घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

- चाक हाताने फिरते का? जाम असेल तर वाळलेल्या तेलाने आहे की गंजाने? तेलाचा जाम सुटतो, खोल गंज सुटत नाही.
- मूळ डोक्याला तडा आहे का? बीड वाकत नाही, ते तुटते, आणि नीट जोडले जाणे कठीण असते.
- शटल, बॉबिन पेटी आणि सरकती पट्टी जागेवर आहे का? लांबट शटलच्या यंत्रात शटल हरवले तर दुसरे मिळवणे अवघड.
- कोणती सुई बसते? चपट्या आणि गोल दांड्याच्या सुया एकमेकींच्या जागी चालत नाहीत.
- विणकाम यंत्रात किती सुया वाकल्या आहेत? कॅरेज सरकते का? पंचकार्डे सोबत आहेत का?

भावाबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. वय जास्त म्हणून किंमत जास्त, असे होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधीच सिंगर कंपनी वर्षाला वीस लाखांहून जास्त यंत्रे विकत होती. त्यामुळे शंभर वर्षांची अनेक मशीन आजही सहज सापडतात. किंमत ठरते ती स्थिती, पूर्णता आणि मॉडेलच्या दुर्मीळपणावर.

दुसरी गोष्ट व्यवहारापलीकडची आहे. चालू मशीनवर एखाद्या घराची चूल पेटत असेल तर ते संग्रहासाठी मागू नये. विकणाऱ्या बाईला वस्तूची खरी माहिती नसेल तर ती सांगून मगच भाव करावा. भंगाराच्या भावात दुर्मीळ मशीन उचलणे कायद्याने गुन्हा नसेल, पण पंचक्रोशीत एकदा नाव खराब झाले की पुढचे दार उघडत नाही.

साफसफाई आणि जपणूक

पहिला नियम : घाई करू नये. रंग आणि सोनेरी नक्षीवर जुन्या यंत्रांत लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिट लावले की हा थर विरघळतो आणि नक्षी निघून येते. बाहेरचा भाग मऊ कापडाला शिलाई मशीनचे तेल लावून हळूहळू पुसावा. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला लावलेल्या हळदी-कुंकवाचे डाग वर्षानुवर्षे साचलेले असतात. ते खरवडू नयेत. काही संग्राहक ते तसेच ठेवतात, कारण घरात यंत्राला काय मान होता हे त्यातून कळते.

आतल्या भागातला वाळलेला चिकटा काढायला मेकॅनिक रॉकेल वापरत आले आहेत. ते फक्त उघड्या धातूवर, हवेशीर जागी, आगीपासून लांब आणि थोडेसे वापरावे. नंतर पुसून मशीनचे तेल द्यावे. खोबरेल किंवा गोडेतेल कधीही घालू नये. खोबरेल थंडीत गोठते, इतर खाद्यतेले वाळून चिकट होतात. जुनी यंत्रे जाम होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. तेलाचे भोक दिसेल तेथे एक-दोन थेंब पुरेत. मोटारीत आणि पट्ट्यावर तेल जाऊ देऊ नये.

उघड्या धातूवरचा वरवरचा गंज बारीक स्टील वूल आणि तेलाने निघतो. रंगीत भागावर स्टील वूल लावू नये. यंत्र नवे दिसावे म्हणून पुन्हा रंगवले तर मूळ नक्षी कायमची जाते, म्हणून शक्यतो रंगवू नये.

जुन्या विजेच्या मशीनची वायर तडकलेली असते. ती तपासून आणि बदलून घेतल्याशिवाय प्लग लावू नये. पायमशीन चालवताना साडीचा पदर, ओढणी आणि लहान मुलांची बोटे चाक-पट्ट्यापासून दूर ठेवावीत.

जपानी विणकाम यंत्रात सुयांवर एक लांब पट्टी असते, तिच्या आत स्पंज असतो. हा स्पंज काही वर्षांत दबून चिकट भुकटी होतो आणि सुया सैल पडतात. 'मशीन टाके सोडते' ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच असते. स्पंज बदलला की यंत्र पुन्हा विणू लागते. कॅरेजमधले जुने ग्रीस घट्ट झाले असेल तर ती जोर लावून ओढू नये, सुया वाकतात.

ठेवण्याची जागा कोरडी असावी. डोके जमिनीवर ठेवू नये, फळी किंवा पाट घालावा. प्लास्टिकने घट्ट गुंडाळले की पावसाळ्यात आत दमट हवा कोंडून गंज चढतो. सुती कापडाचे आवरण बरे. या भागातली काळ्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळली की घासणारा लेप तयार होतो, म्हणून न वापरले जाणारे मशीनही दर महिन्याला पुसून चाक चार वेळा फिरवावे. लोखंडी डोक्याचे वजन दहा किलोच्या वर जाते, तेव्हा उंच मांडणीवर ते ठेवणे धोक्याचे.

नोंदवही : संग्रहाचा कणा

नोंद नसलेली वीस मशीन म्हणजे लोखंडाचा ढीग, आणि नोंद असलेली पाच मशीन म्हणजे संग्रह. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक द्यावा आणि तो कागदी चिठ्ठीवर लिहून सुताने बांधावा. रंगावर लिहू नये. नोंदवहीत पुढील रकाने असावेत.

- संग्रह क्रमांक आणि मिळाल्याची तारीख
- कंपनी, मॉडेल, डोक्याचा क्रमांक, स्टँडचे नाव
- कोणत्या गावातून, कशा प्रकारे मिळाले (भेट, खरेदी, भंगार)
- कोण वापरत असे, कोणत्या काळात, त्यावर काय शिवले किंवा विणले जाई
- त्यावर कमाई होत असे का, कुणाला शिकवले गेले का
- स्थिती, हरवलेले भाग, केलेली दुरुस्ती आणि बदललेला प्रत्येक भाग
- चारही बाजूंचे फोटो

चौथा आणि पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचे. मॉडेलची माहिती पुढेही शोधता येते. मशीन चालवणारी आजी गेली की तिची माहिती मिळत नाही. म्हणून मशीन घरातून उचलण्याआधी अर्धा तास बसून ऐकावे, परवानगी घेऊन आवाज नोंदवावा आणि नाव जाहीर करायचे की नाही हे त्या कुटुंबालाच ठरवू द्यावे.

घरातल्या साध्या वस्तू जमवून त्यांचे महत्त्व पटवून देण्याचे मोठे उदाहरण पुण्यातच आहे. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वस्तू हजारोंनी जमवल्या आणि १९७५ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेच आजचे राजा दिनकर केळकर संग्रहालय.

कायदा आणि अफवा

पुरावशेषांसंबंधीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू 'पुरावशेष' ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. नोंदणीची सक्ती मात्र सरकारने जाहीर केलेल्या मूर्ती, चित्रे यांसारख्या ठरावीक प्रकारांनाच आहे. शंभरी ओलांडलेले मशीन परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचे असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी.

अफवांपासूनही सावध राहावे लागते. २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगर मशीनच्या सुयांत 'लाल पारा' असल्याची अफवा पसरली आणि साध्या मशीनला वेड्यासारखे भाव आले. असा काही पदार्थ त्यात नसतो. जुने मशीन, जुना रेडिओ किंवा टीव्ही यांना लाखो रुपये देतो असे सांगून आधी 'तपासणी शुल्क' मागणारा माणूस फसवणूकच करत असतो.

संग्रहातून पुन्हा कामाकडे

संग्रहात एकाच मॉडेलची दोन-तीन मशीन जमली की एक चांगला मार्ग उरतो : उत्तम नमुना ठेवावा, दुसरे दुरुस्त करून शिवण शिकणाऱ्या मुलीला द्यावे आणि तिसरे सुट्या भागांसाठी राखावे. १५ क्लासचे नीट तेलपाणी केलेले पायमशीन आजही ब्लाउज, पिशव्या आणि गोधडीच्या कडा शिवायला पुरेसे आहे.

कमाईसाठी नवे मशीन हवे असेल तर सरकारी वाटाही आहेत. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून शिलाई मशीनसाठी योजना राबवल्या जातात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, साधनांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंतचे कर्ज अशी तरतूद आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पंचायत समितीत किंवा सेवा केंद्रात तपासून घ्यावेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सुरुवात किती मशीनने करावी?* एकाने. ते पूर्ण खोलून, साफ करून, सरळ टीप येईपर्यंत दुसरे आणू नये.

*टीप खालून गुंता करते, दोष कुठे?* बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा वरचे टेन्शन सैल असते. आधी 'पाय' वर उचलून दोरा पुन्हा ओवावा, मग सुई योग्य बाजूने बसली आहे का पाहावे. बॉबिन पेटीच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा.

*चामडी पट्टा सैल झाला तर?* तो थोडा कापून पिनेने पुन्हा जोडता येतो. फार घट्ट केला तर चाक जड होते.

*मशीन चालत नसेल तरी ठेवावे का?* नक्षी, क्रमांक किंवा घराची माहिती टिकून असेल तर ठेवावे. यातले काहीच नसेल तर त्याचे सुटे भाग दुसऱ्या मशीनला उपयोगी पडतात, म्हणून भंगारात देण्याआधी बॉबिन पेटी, टेन्शनच्या चकत्या, स्प्रिंगा आणि स्क्रू काढून डबीत ठेवावेत.